नागपूरची पाण्याची गादी

नागपूरला अडतीस दिवस राहून आलो म्हटल्यावर चिपळूणचे आमचे तार ऑफिसातले जुने सोबती घरी जमले. एकाने विचारलं, सीताबर्डीचा किल्ला पाहिलात का. दुसऱ्याने फुटाळा तलावाची चौकशी केली. तिसरा नुसताच माझ्या पिशवीकडे पाहत होता, संत्री निघतील म्हणून. किल्ला मी पाहिला नाही. तलाव रिक्षातून दिसला, तोही अर्धा. आणि संत्री मे महिन्यात नसतात, हे संत्र्यांच्या गावी गेल्यावरच मला कळलं. मी मुख्यतः पाहिली ती एका इस्पितळाची काचेची खिडकी आणि तिच्यापलीकडची एक पेटी. तेवढंच इथे लिहितो. किल्ला हवा असेल त्याने दुसऱ्या कोणाचं तरी प्रवासवर्णन वाचावं.

दिल्लीला एशियाड झालं, त्याच्या पुढचा उन्हाळा. तार आली ती माझ्याच जुन्या ऑफिसात, आणि माझ्या खुर्चीवर आता बसतो तो गडीच ती घेऊन धावत घरी आला. ‘मुलगी झाली. सातवा महिना. प्रकृती नाजूक. ताबडतोब निघा.’ जावयाने केलेली तार. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बऱ्यावाईट बातम्या लिहून घेतल्या, पण कागद हातात धरून खाली बसायची पाळी पहिल्यांदाच आली. सुनंदा माझी एकुलती एक. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. म्हणजे बाळंतपणाला माहेरचं माणूस जाणार ते मीच. मला चहासुद्धा धड करता येत नाही.

प्रतापनगर

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा तोंडावर आला. आमच्या कोकणात उन्हाळा म्हणजे घाम. इथे घाम येतो तो अंगावरच वाळतो, आणि माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. दुपारी चक्कर आली तेव्हा मला कळलं की मी ठीक नव्हतो.

जावई प्रकाश हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. प्रतापनगरात भाड्याच्या दोन खोल्या. खिडकीत लाकडाच्या भुशाचा कूलर घरघरत होता आणि दारात माझी विहीण उभी होती, गयाबाई. उंच, सडपातळ, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल असा. त्यांच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

“या इवाईजी. पाणी प्या अगोदर. उन्हात टोपी नाही घातली काहून? अथी डोकं झाकल्याबिगर कोनी निघत नाही जी.”

मी म्हटलं, बाळ कसं आहे ते सांगा. त्यांनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, “हाय.” एवढंच. मी पाणी प्यालो.

त्यांच्या बोलीने माझी पहिल्याच दिवशी फजिती केली. संध्याकाळी इस्पितळातून परतताना त्यांनी सांगितलं, “येता येता सांबार घेऊन या जी.” मी शोधत शोधत एका मद्राशी हॉटेलात गेलो आणि डबाभर सांबार घेऊन आलो. डब्याचं झाकण काढून त्या बघतच राहिल्या. “अवं माय! याइनं त डाळ आनली!” तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. प्रकाश हसला, गयाबाई हसल्या, मीही हसलो. त्या घरात चार दिवसांत पहिल्यांदा कोणी हसलं असेल. मग तेच सांबार आम्ही भाकरीशी खाल्लं. शब्द चुकला की असं हसून मोकळं होता येतं, असं मला तेव्हा वाटलं.

खिडकी

सुनंदाचं पोट फाडून बाळ काढलं होतं. टाके, वर ताप. ती बाळंतिणींच्या वॉर्डात, बाळ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या खोलीत. त्या खोलीत आईलाही मज्जाव. बाहेरचा संसर्ग आत गेला तर अशा बाळांचा टिकाव लागत नाही, म्हणून तसा नियमच होता. सुनंदाने आपली मुलगी पाहिलीच नव्हती. वाटीत दूध पिळून द्यायचं, गयाबाईंनी ती वाटी झाकून दारापर्यंत न्यायची, आत सिस्टर ते नळीने थेंब थेंब पाजणार. दूधही दिवसेंदिवस आटत होतं.

मला खिडकीतून पाहू दिलं. साडेबाराशे ग्रॅम. तार ऑफिसाशेजारी पोस्टाचा काटा होता, त्यावर आंब्यांचं लहानसं पार्सलही याहून जड भरायचं. काचेच्या पेटीत एक तांबूस जीव पडला होता, माझ्या तळहातापेक्षा थोडा मोठा. तो रडत होता. तोंड उघडायचं, सगळं अंग पिळवटायचं, आणि आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. मग एकाएकी रडणं थांबलं, ओठ निळे पडायला लागले, सिस्टर धावली आणि तिने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. पुन्हा टिचकी. मग श्वास आला. मी खिडकीची चौकट धरून उभा होतो. 

डॉक्टर बाई चाळिशीच्या, बारीक, कायम घाईत. मला म्हणाल्या, “असं लेकरू श्वास घ्यायला विसरतं, बाबा. आठवण करून द्यावी लागते. आणि रडण्यात सगळी शक्ती जाते. पाजलेलं दूध अंगीच लागत नाही.”

मग त्यांनी पाण्याची गोष्ट काढली. पोटात बाळ पाण्यातच असतं, हे दोन-अडीच महिने आधी बाहेर पडलं, त्याला कोरडी गादी सोसत नाही. परदेशात असल्या बाळांना पाणी भरलेल्या गादीवर ठेवून पाहिलंय, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. बाळ हललं की पाणी हलतं, पाणी हललं की बाळाला थोपटल्यासारखं होतं. रडणं कमी होतं, श्वासाचीही आठवण राहते. “तशी गादी आपल्याकडे नाही. पण करून पाहता येईल. तुमची परवानगी असेल तर.”

मी म्हटलं, माझ्या नातीवर प्रयोग नको. मी तापट आहे हे घरचे जाणतात. त्या दिवशी डॉक्टर बाईंनाही कळलं. पण प्रकाश म्हणाला, “बाबा, नाही केलं तर काय होणार हे आपण पाहूनच राहिलो ना.” मी डॉक्टर बाईंना म्हटलं, करा.

दोन पिशव्या

पहिली गादी म्हणजे इस्पितळातली शेकायची रबरी पिशवी. कोमट पाणी भरून बाळाखाली ठेवली. दोन तास बरे गेले. मग बूच सैल झालं, पाणी पाझरलं, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत बाळ ओल्या कपड्यात गार पडलं होतं. संध्याकाळपर्यंत तीनदा निळं झालं. मी डॉक्टर बाईंना नको नको ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “चूक माझी आहे. पिशवी चुकली. पाणी नाही चुकलं.”

प्रकाशने ते वाक्य मनात धरलं. हिंगण्याच्या रस्त्यावर ट्रकच्या ट्यूबांचं पंक्चर काढणारा त्याच्या ओळखीचा होता. दोघांनी मिळून ट्यूब कापून तिची चपटी पिशवी केली, कडा तापवून चिकटवल्या, आणि मूळची नळी तशीच ठेवली, म्हणजे पाणी भरून उरलेली हवा काढून टाकता येईल. घरी आणली तेव्हा रबराचा दर्प असा की डोकं उठावं. गयाबाईंनी ती रिठ्याच्या पाण्याने घासली, वाळवली, पुन्हा घासली. त्यांची बोटं पांढरी पडली. मग पेटीतून आपलं एक जुनं मऊ लुगडं काढलं आणि फाडून त्याच्या चौघड्या केल्या, पिशवीवर अंथरायला.

पिशवी पाणी भरून एक दिवस आणि एक रात्र पाटावर ठेवली. प्रकाशने तिच्यावर पाटा ठेवला, मग वरवंटा ठेवला. थेंबही गळला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाईंनी ती आत नेली, खिडकीचा पडदा ओढला, आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.

ती दुपार

पडद्यामागून रडणं ऐकू येत होतं. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला व्हरांड्याच्या फरशीवर ऊन आलं आणि मी पाय वर घेऊन बसलो. रडणं चालूच. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते मी तेव्हा अनुभवलं, कारण ते रडणं ऐकवत नव्हतं आणि थांबेल याची भीतीही वाटत होती. बाराच्या सुमाराला ते थांबलं. मी कान देऊन बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पडदा हलला नाही.

मग दार उघडून सिस्टर शेंडे बाहेर आली. तिची कामाची पाळी संपली होती. चेहरा उतरलेला, डोळे लाल. मला पाहून थांबली.

“शांत झालं जी बाळ,” ती म्हणाली. “डॉक्टर बाई बी आता खुर्चीवर बसल्या. तुमी पोरीले सांगून द्या.” आणि डोक्यावर पदर घेऊन ती उन्हात निघून गेली.

आमच्याकडे ‘शांत झाले’ म्हटल्यावर पुढे काही विचारायचं नसतं. कितीतरी तारांत हाच शब्द मी स्वतः लिहून घेतला होता. ‘बाबा पहाटे शांत झाले.’ ‘आक्का शांत झाल्या, वाट पाहू नये.’ मरण हा शब्द ज्यांच्या तोंडून निघत नसे ते सगळे हाच वापरत. मी बाकावर बसून राहिलो. माझ्या मनात पहिलं काय आलं तेही लिहितो, लाज वाटते तरी लिहितो. ‘सुटलं बिचारं’, असं आलं.

वॉर्डात गेलो तेव्हा सुनंदा उठून बसली होती आणि वाटीत दूध पिळत होती. गयाबाई वाटी धरून होत्या. कसं सांगावं याचा विचार करायला हवा होता, पण मी सिस्टरचाच शब्द पुढे केला.

“सुनंदा, बाळ शांत झालं गं.”

सुनंदा माझ्या कोकणातली पोर. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आणि तिच्याशेजारी गयाबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले, त्यांचा चेहरा फुलला, आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, “बरं झालं वं माय! बरं झालं!”

सुनंदाने वळून सासूकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. मग माझा तोल गेला.

“काय बरं झालं? मुलगी होती म्हणून बरं झालं?” अख्खा वॉर्ड ऐकत होता. “पहिल्या दिवसापासून तुमच्या डोळ्यांत दिसत होतं मला!”

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. त्यांच्या डोळ्यांत मला असलं काही कधीच दिसलं नव्हतं. पण रागात माणूस हाताला लागेल ते फेकतो.

“काय बोलून राहिले जी तुमी?” गयाबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम बसला. “शांत झालं म्हंजे? गेलं?” वाटी कलंडली आणि दूध त्यांच्या लुगड्यावर सांडलं.

आम्ही एकमेकांकडे बघत असताना सुनंदा खाटेवरून उतरली होती. मोरीपलीकडे ती तोवर चालली नव्हती. एक हात पोटाच्या टाक्यांवर दाबून, अनवाणी, ती त्या तापलेल्या फरशीवरून निघाली. मी मागे धावलो, थांब म्हणालो. तिने ऐकलं नाही. दारावर तिने मूठ आपटली. डॉक्टर बाईंनी दार उघडलं.

“मला माझं बाळ बघायचंय,” सुनंदा म्हणाली. “मेलेलं तर मेलेलं.”

“मेलेलं?” डॉक्टर बाई तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिल्या. “कोणी सांगितलं? अहो, दहा दिवसांत पहिल्यांदा झोपलंय ते.”

मी म्हटलं, सिस्टर म्हणाल्या शांत झालं. 

“मग? शांतच झालं ना!”

नियमाप्रमाणे त्यांनी दार लावून घ्यायला हवं होतं. त्या क्षणभर सुनंदाच्या पायांकडे बघत राहिल्या. तळवे लालभडक झाले होते. मग म्हणाल्या, “हात कोपरापर्यंत धुवा. तोंडाला फडकं बांधा. आणि बाळाला नाही, पिशवीला हात लावायचा.”

त्यांनीच पडदा सारला, म्हणून मला खिडकीतून दिसलं. काळ्या रबरावर लुगड्याची चौघडी, तिच्यावर बाळ पालथं झोपलेलं. श्वास घेतला की खालचं पाणी किंचित हलायचं, आणि ते हलणं परत बाळापर्यंत यायचं. सुनंदाने पेटीच्या गोल भोकातून हात घातला आणि पिशवीच्या कोपऱ्यावर तळवा टेकला. हलकेच दाबला. बाळ वर आलं, खाली गेलं. त्याची मूठ उघडली. खिडकीला कपाळ लावून मी रडलो, एवढंच सांगतो.

त्या दिवसापासून डॉक्टर बाईंनी सुनंदाला दिवसातून चारदा आत घ्यायला सुरुवात केली. वरिष्ठांना त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी वाटी पहिल्यांदा काठोकाठ भरली. बाळ निळं पडणं चारपाचवरून दिवसाला एकावर आलं, मग दोन दिवसांत एकदा, मग थांबलं.

गयाबाई मात्र त्या दुपारी खिडकीपाशी आल्याच नव्हत्या. मी परत वॉर्डात गेलो तेव्हा त्या खाटेखाली बसून सांडलेलं दूध पदराने पुसत होत्या. बाळ झोपलंय असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, वर पाहिलं नाही.

दीक्षाभूमी

त्यानंतर पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वेळेवर यायचं. पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कैरीचं पन्हं, सगळं निगुतीने वाढलेलं. जगात सगळ्यात वाईट जेवण म्हणजे न बोलता वाढलेलं चांगलं जेवण. मी दोनदा माफीचा विषय काढला, दोन्ही वेळा त्या चुलीकडे वळल्या.

शेवटी प्रकाशच एका रविवारी म्हणाला, “आई, बाबा एवढ्या दुरून आले. त्यांना दीक्षाभूमी तरी दाखवून आण.”

छप्पन साली आमच्या गावातून माणसं नागपूरला निघाली होती. मला तार ऑफिसात रजा मिळाली नाही. पुढे घरीच धम्म घेतला, पण ती बोच राहिली होती. सायकलरिक्षात आम्ही दोघं दोन कडांना बसून गेलो. ऊन कलतं झालं होतं. स्तूपाचं बांधकाम चालू होतं, सगळीकडे खडी आणि पराती. मी वाकून माती कपाळाला लावली. नंतर आम्ही बोधिवृक्षापाशी बसलो.

“मी तिथी होती,” गयाबाई मैदानाकडे हात करून एकाएकी म्हणाल्या. “त्या कोपऱ्यात. पांढरं लुगडं नेसून.”

मी म्हटलं, “ताई, मी चुकलो. तुम्हाला बोललो ते फार वाईट बोललो.”

त्यांनी पायाशी पडलेलं पिंपळाचं पान उचललं. मग मैदानाकडे बघतच बोलल्या.

“माही पहिली लेक बी सातव्या महिन्यातलीच होती, इवाईजी. या दीक्षेच्या अगोदर दोन वर्सं. आमच्या गावात ना पेटी, ना डॉक्टर. कापसात गुंडाळून टोपल्यात ठेवली. तीन दिवस रडली. चवथ्या दिवशी रडनं बंद झालं. सारा मोहल्ला येऊन म्हने, बरं झालं वं, पोट्टीच होती. मी सतरा वर्साची. मी कोनालेच काही बोलली नाही.”

रिक्षावाला दूर सावलीत बिडी ओढत होता. 

“वार्डात तुमी जे बोलले ना,” त्या म्हणाल्या, “ते मी त्या साऱ्याइले बोलाले पायजे होतं.”

“म्हणजे माझ्यावर राग नाही?”

“हाय. काहून नसन? तुमी मले त्याइच्यातच नेऊन बसवलं.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “ते मी इसरनार नाही जी. पन घरी चला आता. पोरीची वाटी न्यायची हाय.”

परतताना त्या रिक्षात मला जागा देऊन नीट बसल्या. घरी माझ्या ताटात लोणचं वाढताना म्हणाल्या, “तिखट हाय, सांभाळून.” मला तेवढं पुष्कळ झालं.

निघण्याआधी

जूनच्या सुरुवातीला बाळाला घरी न्यायची परवानगी मिळाली. काटा पंधराशेच्या वर गेला होता. शेजारच्या पेटीत आदल्याच दिवशी एक नवं बाळ आलं होतं, उमरेडकडचं, आमच्यापेक्षाही लहान. डॉक्टर बाईंनी पिशवी त्याच्यासाठी ठेवून घेतली आणि अशीच आणखी एक करून आणायला प्रकाशला सांगितलं. सिस्टर शेंडे माझ्यासमोर आली की अजूनही ओशाळायची. तिची काही चूक नव्हती, हे मी तिला चारदा सांगितलं.

पाण्यावरून उचलून साध्या दुपट्यात गुंडाळताच बाळाने टाहो फोडला. आता ते मांजराचं पिल्लू राहिलं नव्हतं. सिस्टरने ते सुनंदाच्या हातात दिलं, सुनंदाने सासूच्या. गयाबाईंनी त्याला क्षणभर छातीशी धरलं आणि मग वळून सरळ माझ्या हातात ठेवलं. “घ्या,” एवढंच म्हणाल्या. अडतीस दिवसांत मी त्या जिवाला पहिल्यांदा स्पर्श केला.

मी घाबरलो. ते आणखी जोरात रडायला लागलं, व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. मी श्श श्श करत त्याला थोपटू लागलो.

गयाबाईंनी माझं मनगट धरलं.

“चुप नका करू जी तिले,” त्या म्हणाल्या. “रडू द्या. चुप झाली की मले भेव वाटते.”

मी थोपटणं थांबवलं, आणि तसंच रडतं बाळ घेऊन आम्ही पायऱ्या उतरलो.